तुंदुक जाळत नाहीत

मी, उल्बोल्सुन बाइसेरके क्यझी, वय बहात्तर, राहणार सारी-ताल, नारिन प्रांत, धंदा सरकारी कागदावर गृहिणी (खरा धंदा शेवटी सहीजवळ लिहीन), आज पूर्ण शुद्धीवर आहे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फितवलेले नाही, आणि सकाळपासून कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, घोटही घेतलेला नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे, आणि माझ्याबद्दल काय सांगायचे व काय सांगायचे नाही, ते या कागदावर ठरवून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर तो खोटे बोलतो आहे आणि तो बहुधा माझा भाऊ एसेनकुल असेल.

नावाचाही खुलासा करते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. उल्बोल्सुन म्हणजे 'मुलगा होवो'. आमच्याकडे मुलगी झाली आणि मुलगा हवा होता, तर मुलीच्या नावातूनच पुढच्याला हाक मारतात. पुढचा आला, तो एसेनकुल. मी मात्र आयुष्यभर त्याच्या वाटेवरची पाटी म्हणून उभे राहावे अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती मी पुरी केलेली नाही.

कलम पहिले: घर. ओढ्याकाठचे माझे घर, मागची सुतारशाळा आणि ओढ्यालगतची वाळुंजाची सगळी झाडे मी माझ्या भावाची मुलगी बुरुल हिला देते. बापाचे घर धाकट्या मुलाला जाते अशी रीत आहे, ती मला माहीत आहे. पण हे घर बापाचे नाही. माझ्या नवऱ्याने, अकमातने, आणि मी मातीच्या विटा पाडून ते बांधले. आम्हाला मूल झाले नाही, म्हणून ते आपोआप आपल्याकडे येईल असे एसेनकुल धरून चालला आहे. त्याने चालणे थांबवावे.

बुरुल नवऱ्याला सोडून माहेरी आली म्हणून कीव येऊन मी हे देते, असे गावातल्या बायका म्हणतील. त्यांना सांगावे की तिला सुताराचा वाकस धरता येतो म्हणून देते. नवरा चांगला असता तरी तिलाच दिले असते.

कलम दुसरे: हत्यारे. वाकस, पटाश्या, रंधा, गिरमिट आणि काठ्या वाकवायचा खाचेचा ओंडका, हे सारे बुरुलला. सुतारशाळेमागची मेंढ्यांच्या लेंड्यांची रासही बुरुलला. यावर जो हसेल त्याने आयुष्यात कधी लाकूड वाकवलेले नाही. ओल्या, उबदार लेंड्यांत पुरून ठेवल्याशिवाय काठी वाकत नाही, मोडते. ती रास मी इतकी वर्षे विझू दिलेली नाही. एसेनकुलचा मुलगा मेदेर याला तिथे पैसे देऊन राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा करायची आहे. जागा दुसरीकडे बघावी.

कलम तिसरे: अकमातचे खोगीर. अकमातचे खोगीर आमचे शेजारी तुर्गानबाय यांना द्यावे. दोघे घोड्यांवरून भांडत असत आणि तुर्गानबायच बहुतेक वेळा बरोबर असत. अकमात जिवंत असताना मी हे कबूल केले नाही, ते बायको म्हणून योग्यच होते.

इथे अकमातबद्दल दोन शब्द लिहिते, कारण त्याच्यावाचून पुढचे काही घडले नसते. तो सामूहिक शेतीचा ट्रक चालवायचा. मागणी घालायला आला तेव्हा मी त्याला ओढ्यापाशी गाठून सांगितले, "मला खालच्या खोऱ्यातून लाकूड आणून देणार असाल तर येते." तो म्हणाला, "लाकूडच हवं तर झाडाशी लग्न कर की." मी म्हणाले, "झाडाला ट्रक चालवता येत नाही." तो इतका हसला की घोड्याने कान टवकारले. मग त्याने वर्षानुवर्षे लाकूड आणले आणि कुंपणासाठी आहे असे सगळ्यांना सांगितले. अकमातच्या बायकोचे कुंपण काही पुरे होत नाही, असा विनोद गावात होता. अकमात स्वतःही तो सांगायचा. मला त्याची फार आठवण येते.

कलम चौथे: पैसे. बँकेत आहेत ते चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला वापरावेत. घोडी कापू नये, मेंढ्या पुरेत. कणकेचे बोर्सोक तुपात तळावेत, नाहीतर लोक वर्षभर बोलतात. उरले तर बुरुलने चांगले चामडे घ्यावे.

कलम पाचवे: तुंदुक. हे मृत्युपत्र याच कलमासाठी लिहिले आहे. बाकीची कलमे वाचताना झोप आली असेल तर आता जागे व्हावे.

लोकरीच्या नमद्यांचे जे आपले घर, त्याच्या माथ्यावरचे, आत आडव्या-उभ्या कमानी घातलेले, गोल लाकडी कडे म्हणजे तुंदुक. त्यातून उजेड आत येतो आणि धूर बाहेर जातो. त्याच्या भोकांत सगळ्या काठ्या खोवतात, आणि ते नसेल तर घर म्हणजे जमिनीवर पडलेली लोकर. लाकडाचे काम पुरुषांचे, लोकरीचे बायकांचे. तुंदुक पुरुष करतो आणि पुरुषच टोकाला फाटा असलेल्या, दुबेळक्याच्या खांबाने वर चढवतो. जुने झाले तरी ते विकत नाहीत आणि जाळत तर नाहीतच, जाळणे पाप आहे. हे मी लिहिते आहे कारण अलीकडे पाहुण्यांच्या तळांवर लोखंडी तुंदुके आली आहेत आणि पोरांना काहीच ठाऊक नसते.

माझ्या वडिलांना सगळा प्रांत उस्ता बाइसेरके म्हणायचा. उस्ता म्हणजे पक्का कारागीर. त्यांच्यासारखा कारागीर त्यांच्यामागे झाला नाही. मी लहानपणापासून त्यांच्या राशीत लेंड्या टाकायची, पाणी शिंपडायची, काठ्या पुरायची आणि काढायची. वाकस मात्र एसेनकुलच्या हातात, आणि त्याचे डोळे दर वेळी खिडकीतून घोड्यांकडे. मी एकदा वाकस मागितला तेव्हा बाबा म्हणाले की बाईचा हात लागला की ओले लाकूड तडकते. मी विचारले, मग ते राशीतून काढते कोण? त्या दिवशी मला जेवण मिळाले नाही.

लग्नाच्या आदल्या वसंतात मी एकटीने तुंदुक केले. चूक अशी झाली की मला धीर नव्हता. लाकूड पाने गळल्यावर तोडायचे असते, तेव्हा त्यात रस नसतो. मी ते पालवी फुटताना तोडले. कडे वाकले, दिसायलाही बरे दिसले, आणि दोरी सोडल्यावर हळूहळू उघडत जाऊन अंड्यासारखे झाले. तरीही मी ते बाबांपुढे ठेवले. ते चुलीपाशी बसले होते. त्यांनी ते गुडघ्यावर घेऊन एकदा फिरवले आणि म्हणाले, "तुंदुक जाळणं पाप आहे. पण हे तुंदुक नाही, सरपण आहे." आणि तुकडे करून चुलीत घातले. वर चहाचे आधण होते. मला म्हणाले, चहा ओत. मी ओतला. मलाही एक वाटी दिली, ती मी प्याले. आयुष्यात तेवढा कडू चहा पुन्हा प्याले नाही.

चहा ओतायला वाकले तेव्हा एक जळता तुकडा मी ओढून काढला, चहाच्या चोथ्यात विझवला आणि नमद्याच्या बुटात घातला. घोट्यावर त्याचा डाग अजून आहे. मला धुणाऱ्या बायकांनी तो बघावा आणि तो कशाचा आहे ते एकमेकींना सांगावे.

मग लग्न झाले, अकमातने लाकूड आणले, आणि मी तुंदुके बिघडवत गेले. किती बिघडवली ते सांगणार नाही. एक दिवस एक बिघडले नाही. पाने गळल्यावर तोडलेले, राशीत पुरलेले, वाकवून हिवाळाभर बांधून ठेवलेले. भोके बाबांच्या मापाची, कारण मला दुसरे माप माहीतच नव्हते. कमान जिथे कड्याला मिळते तिथे मी तो जळका तुकडा बसवला आणि वरून कच्च्या चामड्याची पट्टी गुंडाळली. का बसवला असे कोणी विचारेल. चुलीने ज्याला सरपण म्हटले त्याने घर पेलावे, म्हणून बसवला.

पुढे काही वर्षांनी बाबा आजारी पडले आणि त्यांच्या घराचे जुने तुंदुक ट्रकवरून पडून फुटले. त्यांना वरच्या कुरणावर उन्हाळा काढायचा होता, तो शेवटचा आहे हे सगळ्यांना कळत होते. एसेनकुल माझ्या मागच्या दाराने आला. "ताई, तुझ्याकडे एक आहे म्हणतात. दे. पण बाबांना कळता कामा नये." मी दिले. त्याने बाबांना सांगितले की पलीकडच्या खोऱ्यातल्या एका कारागिराकडून आणले आहे.

तो सगळा उन्हाळा बाबा माझ्या तुंदुकाखाली उताणे पडून होते. आजारी माणसाला वर बघण्यावाचून काय काम? बघायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "अशी सरळ भोकं पाडणारा माणूस मला वाटलं उरला नसेल." मी कुमिस ओतत असायची. एसेनकुल माझ्याकडे बघत नसे.

मधेच गवत संपले म्हणून तळ हलवला. घर उतरवले, सामान नव्या जागी नेले. बाप्ये घोडे वळायला गेले होते. बाबा गादीवर बसले होते, जवळ मी आणि एसेनकुलची बायको सोनुन. बाबा म्हणाले, ते इकडे आणा. आम्ही तुंदुक त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी बोटांनी सगळे चाचपले आणि त्या चामड्यापाशी थांबले.

"इथं पट्टी जास्त का गुंडाळलीय? काय लपवलंय उस्तानं?"

"तुम्ही जाळलेलं, बाबा," मी म्हणाले.

बाबांनी पट्टी सोडली नाही. अंगठा तिथेच ठेवून बसून राहिले. सोनुनने श्वास रोखला होता, ती आजही ते कबूल करते. तेवढ्यात डोंगरामागून ढग आले, वारा सुटला, आणि बाप्यांचा पत्ता नाही. बाबांनी आकाशाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बघत काय बसलीस? चढव."

मी खांबाच्या दुबेळक्यात तुंदुक घेतले आणि वर उचलले. खांदे निखळतील असे वाटले. सोनुन भोवतीने पळत काठ्या खोवत होती. मग दोघींनी वरून नमदे ओढले. पाऊस आला तेव्हा बाबा आत होते.

हा आशीर्वाद होता असे कोणीही लिहू नये. पाऊस येत होता आणि माणसाला छप्पर हवे होते. माफी त्यांनी मागितली नाही, मी मागायला लावली नाही. मात्र उन्हाळा संपताना, जाण्याच्या दोन दिवस आधी, त्यांनी एसेनकुलला जवळ बोलावून सांगितले, "मी गेल्यावर हे उतरवाल. जाळू नका." एसेनकुलला वाटले म्हातारा भ्रमात बोलतो, तुंदुक कोण जाळतो? मी दारात उभी होते. मला समजले. मी बाहेर जाऊन घोडीच्या मानेवर डोके ठेवून रडले. ते दुःखाचे रडणे नव्हते. जिंकल्याचे होते, आणि ते मला मोठ्याने करता येत नव्हते.

दुरून मातीला आलेले लोक वर बघून म्हणाले, उस्ताचे शेवटचे काम! एसेनकुलने मान हलवली. त्या दिवसापासून ते बाबांचे तुंदुक झाले. रीतीप्रमाणे बापाचे घर त्याच्याकडे गेले आणि माझे तुंदुक त्याच्यासोबत गेले. मी बोलले तेव्हा लोक म्हणाले, ही बापाच्या नावावर डोळा ठेवून आहे. सोनुनने घरी एकदा खरे सांगून पाहिले, तर तिला नवऱ्याच्या घरात राहायचे आहे ना, असे विचारले गेले.

गेल्या वर्षी एक कमान सैल झाली म्हणून एसेनकुलने ते माझ्याकडे दुरुस्तीला आणले. दुरुस्त झाले आहे. परत दिलेले नाही. याला चोरी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

तरी या कलमाने असे ठरवते की ते तुंदुक माझे आहे, मी केले आहे, आणि माझ्यानंतर ते बुरुलचे आहे. एसेनकुलने हरकत घेतल्यास चार लोकांसमोर ती पट्टी सोडावी. खाली कोळसा लागेल. उस्ता बाइसेरकेने कधी कोळसा लावून तुंदुक केले असेल तर मला खोटी म्हणावे.

कलम सहावे: गोष्ट. आमच्या गावच्या संस्कृती-घराच्या प्रमुख दामिराबाई यांनी माझ्यावर एक बोधकथा रचली आहे. ती वसंताच्या सणाला पोरांकडून करवून घेतली. मला पहिल्या रांगेत बसवले, खांद्यावर शाल घातली. गोष्ट अशी, की डोंगरातली एक मुलगी बापाचे भव्य तुंदुक बघून स्वप्न बघते. बाप तिच्या कपाळाचे चुंबन घेऊन हातात वाकस देतो. लाकूड तिचे ऐकते. शेवटी सगळी पोरे हात वर करून ओरडतात, स्वप्नांच्या मागे जा. दामिराबाईंनी नंतर विचारले, "रडलात ना, आजी?" मी म्हणाले, दाढ दुखतेय.

त्यांना ते तुंदुक संस्कृती-घराच्या भिंतीवर टांगायचे आहे, खाली बाबांच्या नावाची पितळी पाटी लावून. बाई मनाने वाईट नाहीत. पण ती गोष्ट माझ्या मातीला, सातव्याला, चाळिसाव्याला किंवा वर्षाला वाचली तर बुरुलने चूल विझवून सगळ्यांना घरी पाठवावे.

पोरांना बोधकथा हवीच असेल तर ही सांगावी.

वाळुंजाची एक फांदी होती. तिने चंद्र पाहिला होता, म्हणून तिला गोल व्हायचे होते. बाकीच्या फांद्या म्हणाल्या, सरळ वाढ, कोणाची तरी काठी होशील. ती पालवीच्या दिवसांत घाईने खाली उतरली, गोल झाली, उघडली आणि चुलीत गेली. त्याच झाडाची दुसरी फांदी हे बघत होती. तिने पाने गळेपर्यंत वाट पाहिली. मग तिला लेंड्यांत पुरले. वास येत होता. मग वाकवले, मग बांधले. स्वप्नाच्या मागे जा असे तिला कोणी म्हणाले नाही, आणि म्हणाले असते तरी ती जाणार कुठे, बांधलेली होती. हिवाळाभर तिने एकच काम केले, सोडा असे म्हटले नाही. वसंतात दोरी काढली आणि ती गोलच राहिली. मग तिच्यावर घर उभे राहिले, आणि त्यातून चंद्र दिसतो.

तात्पर्य विचारणाऱ्या पोराला पाणी आणायला पाठवावे.

कलम सातवे: माझी माती. मला रीतीप्रमाणे नमद्याच्या घरात ठेवावे. ते घर माझ्या सुतारशाळेत गाठोडी बांधून तयार आहे. मेदेरने पाहुण्यांच्या तळावरून लोखंडी कड्याचे घर भाड्याने आणू नये. आणल्यास मी उठून बाहेर जाईन. बायकांना उजव्या बाजूला ठेवतात, पुरुषांना डाव्या. मला डाव्या बाजूला ठेवावे, कारण हत्यारे डावीकडे असतात. नमाज पढवणारे मोल्दो हरकत घेतील. त्यांना म्हणावे, देवाने मला 'मुलगा होवो' या नावाने ओळखले आहे, तो गोंधळणार नाही.

तुंदुक बुरुलने चढवावे. एकटीने. खांब धरायला कोणी बाप्या पुढे आला तर सोनुनने त्याला बाजूला घ्यावे. पावसाच्या त्या दिवशी तिने मदत केली होती म्हणून आईने लाटलेला लाल-काळा नमदा सोनुनला देते. तो जमिनीवर अंथरू नये, भिंतीला लावावा.

चढवण्याआधी सगळ्यांसमोर ती चामड्याची पट्टी सोडावी, कोळसा दाखवावा, आणि पुन्हा बांधावी. ही पट्टी एसेनकुलने स्वतःच्या हाताने सोडावी अशी माझी इच्छा आहे.

काल तो आला होता. या कलमाचा कच्चा खर्डा त्याने उभ्याउभ्या वाचला. म्हणाला, "ताई, लोक हसतील गं मला. या वयात."

मी म्हणाले, "मला जन्मभर हसले. तुला चाळिसाव्यापर्यंत हसतील, मग जेवून घरी जातील."

तो टोपी घालून निघून गेला. चहाही घेतला नाही. त्याने पट्टी सोडली नाही तर बुरुलने सोडावी. पण तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याला मी पाठीवर घेऊन ओढा ओलांडला आहे, आणि त्यानेच ती सोडावी असे मला फार वाटते.

मला पुरल्यावर ते तुंदुक माझ्या थडग्यावर ठेवू नये, आणि संस्कृती-घरात टांगू नये. बुरुलच्या घरावर राहू द्यावे. धूर लागू दे, पाऊस लागू दे. पुढे कधीतरी ते पार जुने होईल. तेव्हा जो कोणी असेल त्याला माझे एवढेच सांगणे आहे: जाळू नका.

वरील सर्व मी वाचून पाहिले. एक शब्दही मागे घेत नाही.

ठिकाण: सारी-ताल, सुतारशाळा. काळ: नोव्हेंबर २०२४, पाने नुकतीच गळली आहेत, लाकूड तोडायचे दिवस.

सही: उल्बोल्सुन बाइसेरके क्यझी
धंदा: उस्ता

साक्षीदार पहिला: तुर्गानबाय, शेजारी, जनावरांचा निवृत्त डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. लिहिताना मला दोनदा शिव्या दिल्या, दोन्ही योग्य होत्या.

साक्षीदार दुसरी: सोनुन. पावसात काठ्या मी खोवल्या. तुंदुक तिने चढवले. हे मी आता कोणासमोरही सांगेन.

साक्षीदार तिसरा: ही जागा माझा भाऊ एसेनकुल याच्यासाठी मोकळी सोडली आहे. त्याने सही केलेली नाही.

केली. पट्टी मी सोडीन, ताई. — एसेनकुल